नावाचे सगे आणि नुसते शेजारी

चि. मुक्ता हिस,

फ्रिजवर चिकटवलेली तुझी चिठ्ठी वाचली. शाळेत 'माझं नाव' या विषयावर एक पान लिहायचंय. नेटवर एकीकडे अर्थ 'मोती' दिलाय, दुसरीकडे 'स्वतंत्र', मग खरा कुठला? मुक्काम, मक्ता आणि मुका हे शब्द माझ्या नावातून निघालेत का? आणि शाळेतला टिल मला 'म्यूके' म्हणजे जर्मनमध्ये डास म्हणून चिडवतो, त्याला काय सांगू? खाली बजावलंयस, तोंडी नको, लिहून दे. तर घे. जर्मनमध्ये भाषांतर तुझं तू कर.

दोन्ही अर्थ खरे आहेत आणि ते एकाच घरचे आहेत. संस्कृतात मुच् म्हणजे सोडणं. त्यातून मुक्त, म्हणजे सुटलेला. शिंपल्यातून सुटून हाती येतो म्हणून मोत्याला मुक्ता म्हणू लागले. त्याचंच दुसरं नाव मौक्तिक. ते प्राकृतात आलं, लोकांच्या तोंडी झिजलं आणि मराठीत मोती झालं. गावाकडे कुत्र्याचं नावही हमखास मोती असतं, हे मात्र टिलला कळू देऊ नकोस.

याच घरातला आणखी एक जण तू रोज ऐकतेस. आजी फोनवर ओरडते ना, "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस"? तो मोकळा. मुक्तचं प्राकृतात मुक्क झालं, त्या वाटेवरचा हा शब्द. मुक्ती आणि मोक्षही तिथलेच, पण ते देवळात आणि पोथ्यांत भेटतात. सरकारलाही हा शब्द फार प्रिय. मामाच्या गावी एसटीच्या थांब्यावरची पाटी आठवते? 'तंटामुक्त गाव'. आणि तिच्याशेजारची दुसरी, जी वाचून तू अख्ख्या रस्त्यात हसत होतीस, 'हागणदारीमुक्त'. तिथेही तूच आहेस, काय करणार!

आता गणपतीची आरती. दर वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये तू टाळ वाजवत घसा फोडून म्हणतेस, 'कंठी झळके माळ मुक्ताफळांची'. ही रामदासांची आरती. तुझा समज होता की बाप्पाच्या गळ्यात फळांची माळ असते. मुक्ताफळ म्हणजेही मोती. पण परवा बाबा बातम्या बघताना म्हणाले, "उधळली यांनी मुक्ताफळं!" तेव्हा तो पुढारी काही मोती वाटत नव्हता. कुणी वाटेल ते बरळला की आपण मराठी माणसं त्याच्या बडबडीला मोत्यांचा मान देतो. शिवी न देता अपमान करायची ही आपली रीत मला भारी आवडते. पानात घाल, पण बाईंना समजावताना थोडी दमशील.

तू विचारलेले तीन शब्द मात्र सगे नाहीत, नुसते शेजारी आहेत. मुक्काम अरबी, थांबायची जागा. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि इतका मुरला की पत्त्यातल्या 'मु. पो.' मधला 'मु.' म्हणजे मुक्काम. गंमत बघ, मुक्त म्हणजे सुटलेला आणि मुक्काम म्हणजे थांबलेला. मक्ताही असाच अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला, कंत्राट या अर्थाचा, आणि त्याची मक्तेदारी. मुका, म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो, संस्कृत मूकपासून. तुझा आणि त्याचा संबंध नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझं नाव कसं ठरलं तेही लिही. पत्रिकेप्रमाणे नावरस अक्षर 'मू' आलं, मघा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं. आजीच्या मनात मुग्धा होतं. तेही गोड नाव आहे, पण ते मुह् धातूचं, म्हणजे मोह त्याचा भाऊ आणि मूढसुद्धा. मी अडून बसले. शेवटी बारशाला आत्याने तुझ्या कानात कुर्रर्र करून मुक्ता हेच नाव सांगितलं आणि वाद मिटला. दीर्घ मू ऱ्हस्व झाला, त्यावर भटजी काही बोलले नाहीत.

मी अडून का बसले? मुक्ताबाईमुळे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही तेराव्या शतकातली चार भावंडं, त्यांतली ती धाकटी. परंपरेप्रमाणे तिचा जन्म १२७९ चा. चारही नावं ओळीने वाच : संसारातून मागे फिरणं, ज्ञान, जिना आणि शेवटी सुटका. जुने लोक या नावांचा असा अर्थ लावत आले आहेत. म्हणजे तिच्या नावात मोती नाही, मुक्तीच आहे. लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभं राहून या धाकटीने त्यांना समजावलं, 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. ताटी म्हणजे जेवायचं ताट नव्हे, काटक्याकुडाचं दार. थोरल्या भावाला चार शब्द सुनावणारी बहीण मला फार जवळची वाटते. (दादाला हे वाचून दाखवू नकोस.) जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला, पूर्वीच्या एदलाबादला, तिचं नाव आहे. आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते.

दुसरी मुक्ता पुण्यातली, मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. ज्या काळी तिच्या जातीच्या माणसाला अक्षराजवळ फिरकू देत नसत, त्या काळी तिने आपल्या लोकांचे हाल लिहिले आणि ज्यांच्यामुळे ते होत होते त्यांना जाब विचारला. बाई विचारतील की तुझ्या नावाची कुणी मोठी व्यक्ती होती का, तर मला वाटतं हिच्यापासून सुरुवात कर. संतांबद्दल सगळेच लिहितात.

आता टिल. मुक्ताबाईचा एक उलटासुलटा अभंग आहे. त्यात मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. शेवटी येतं, 'माशी व्याली घार झाली, देखोनि मुक्ताई हासली'. माशीच्या पोटी घार जन्मली आणि ते बघून मुक्ताई हसली. टिल डास म्हणाला की त्याला एवढं भाषांतर करून ऐकव आणि हसून पुढे जा. डासाची पुढे काय घार होईल, याची त्याला काळजी करू दे.

आणखी एक. तुझ्या शेजारी बसते ती ग्रेटा, तिचं नाव मार्गारेटाचं छोटं रूप आहे आणि मार्गारेटा ग्रीकमधल्या मोत्यावरून आलेलं. म्हणजे तुम्ही दोघी एकाच नावाच्या. पान दोघींनी मिळून केलंत तर अर्धं काम वाचेल.

पानाच्या मथळ्यावर नाव देवनागरीत लिही. क्त काढताना क चा उजवा आकडा अर्धा ठेव आणि त चिकटव. गेल्या वेळेसारखं 'मुत्का' करू नकोस. रोमनमध्ये 'त' आणि 'ट' सारखेच दिसतात, म्हणून वर्गात वाचताना आधी स्वतः मोठ्याने म्हणून दाखव, नाहीतर सगळे मुक्टा म्हणतील. गुरुवारी रात्री पान दाखव, शुक्रवारी पहाटे माझी ड्युटी आहे.

तुझी,
आई