वाचकांचे प्रश्न : मॉडेलिंगची वाट

प्रश्न : माझ्या मुलीला पदवीनंतर मॉडेलिंग करायचे आहे. आम्ही कशाची काळजी घ्यावी?
– एक आई, नाशिक

उत्तर : नागपूरच्या मधु सप्रे मूळच्या खेळाडू; १९९२ साली त्या मिस इंडिया झाल्या आणि त्याच वर्षी बँकॉकमधील मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आल्या. असे यश मोजक्यांनाच लाभते. बहुतेकींची सुरुवात साध्या पोर्टफोलिओने (स्वतःच्या निवडक छायाचित्रांच्या संचाने), ऑडिशनने आणि कॅटलॉगच्या, म्हणजे विक्रीच्या वस्तूंच्या सचित्र यादीच्या कामाने होते. नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजन्सीपासून कृपया दूरच राहा, कारण विश्वासार्ह एजन्सी मिळालेल्या कामाच्या मानधनातून आपले कमिशन घेते. करारात छायाचित्रे कोणत्या माध्यमात, किती काळ आणि कोणत्या प्रदेशात वापरली जातील, हे स्पष्ट लिहून घ्या. कपड्यांविषयीच्या मुलीच्या मर्यादाही चित्रीकरणापूर्वीच लेखी नोंदवा.