ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं

प्रश्न : हायवेला ८०-९० ला ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं, एरवी गाडी मक्खन. गॅरेजवाला चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करा म्हणतोय, करू का?

उत्तर : थांबा हो, बॅलन्सिंगचा प्रॉब्लेम असता तर ब्रेक न दाबताही थरथरली असती. स्टेअरिंग हलतंय म्हणजे बहुतेक पुढच्या ब्रेक डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, जिच्यावर ब्रेक पॅड दाबले जातात), नुसती सीट हलली असती तर मागचे ब्रेक ड्रम बघा म्हटलं असतं. आधी डिस्क काढून हबवरचा (डिस्क नि चाक ज्यावर बसतं तो भाग) गंज वायर ब्रशने घासा, कधीकधी तेवढ्यानंच भागतं, मग डायल गेज (बारीक फरक मोजणारं मीटर) लावून डिस्क किती डोलते ते बघायला सांगा. टर्निंग (डिस्क मशीनवर तासून सपाट करणं) करायचं तर डिस्कवर कोरलेली मिनिमम जाडी बघूनच, त्याखाली जात असेल तर दोन्हीकडच्या डिस्क आणि पॅड नवेच टाका. आणि चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायला लावा, एअर गनने दणादण आवळले की नवी डिस्कपण वाकडी बसते.