आधी सुई, मग ती पॉलिसी

सांगलीच्या गावभागातून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 38, पगार 65 हजार, पत्नी, दोन शाळकरी मुलं, घराचं 22 लाखांचं कर्ज. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, पाच वर्षं जुना. एलपी रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं हल्ली फाटल्यासारखं वाजतं. 80 हजारांत नवा टर्नटेबल घ्यावा, की अॅम्प्लिफायर, की स्पीकर? आणि जाता जाता एक ओळ: "पैशाची सोय आहे. पॉलिसीवर कर्ज मिळतंय, एजंट म्हणाले आपलेच पैसे आपण वापरायचे."

रोज तासभर ऐकता, म्हणजे सुईचे अठराशे तास झाले. सुई टिकते पाचशे ते हजार तास. तबकडीच्या मध्याकडे खाचेतली नक्षी दाटीवाटीची होते, तिथे झिजलेली सुई आधी गडबडते आणि वर रेकॉर्डही खरवडते. दोन ते पाच हजारांत नवी सुई घ्या, सुईवरचा भार मोजायचा काही शेकड्यांचा वजनकाटा घेऊन कंपनीने सांगितलेला भार लावा. स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर असतील तर खाली उतरवा, ते फुकट आहे. तुमचा प्रश्न इथे संपला.

आता ती पॉलिसी. वर्षाला 1 लाखाचा हप्ता, 12 वर्षं. विसाव्या वर्षी हातात 24 लाख. "दुप्पट" हा शब्द तुम्ही अधोरेखित केलाय! अहो, प्रत्येक हप्ता सरासरी साडेचौदा वर्षं अडकून पडणार. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की व्याजाचा अंदाजे दर मिळतो. 72 ला साडेचौदाने भागा: पाच टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी टाकले आणि खातं विसाव्या वर्षापर्यंत चालू ठेवलं, तर 33 लाखांच्या आसपास होतात. पॉलिसी पाच कमावते आणि तिच्यावरचं कर्ज नऊ-दहा खातं. व्याज एजंट भरणार आहेत का?

विमा म्हणाल तर 10 लाखांचा. उद्या काही बरंवाईट झालं तर घराचं निम्मं कर्जही फिटत नाही. तुमच्या वयाच्या निरोगी, निर्व्यसनी माणसाला 1 कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, वर्षाला पंधरा-वीस हजारांत मिळतो. तो हातात आला नसताना जुन्याला हात लावू नका. मग कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास किती, आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवल्यास मुदतीला किती. भरलेले तीन लाख विसरा, हिशेब उरलेल्या नऊ हप्त्यांचा करायचा.

"रेकॉर्डचे भाव वाढतायत, ही पण गुंतवणूकच," असंही लिहिलंय. ऐकायला घेतल्यात, ऐका. तळमजल्यावर राहता, 2019 ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हालाच ठाऊक. गुंतवणूक म्हणायचीच असेल तर निदान माळ्यावर तरी ठेवा.

चौथा हप्ता मेमध्ये आहे. दोन्ही आकडे एप्रिलअखेर मागवा, आणि तोवर एजंट घरी आले तर चहा द्या, सही देऊ नका.