कामगार न सांगता गैरहजर आहे, नाव काढून टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट, 24 कामगार. तीन वर्षांपासूनचा वेल्डर होळीला बालाघाटकडे गावी गेला तो 22 दिवस झाले आला नाही, फोन बंद आहे. ‘तुम्ही आपणहून नोकरी सोडली, नाव कमी केलं’ असं पत्र टाकून मोकळं व्हावं का, आणि त्याचा राहिलेला पगार अडवून ठेवता येईल का?

दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. पण त्यासाठी काम अडवू नका. दुसरा वेल्डर उद्याच घ्या. त्याला तीन महिन्यांचं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख घातलेलं मुदतीचं नेमणूकपत्र द्या. जुन्याचं नाव मस्टरवर (हजेरीपटावर) राहू द्या आणि रोज गैरहजेरी मांडत जा. गैरहजर दिवसांचा पगार द्यावा लागत नाही, मग नाव काढायची घाई कशाला?

नोकरी सोडली की नाही, हे माणसाच्या हेतूवर ठरतं, नुसत्या दिवस मोजण्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली जी. टी. लाड प्रकरणात हेच सांगितलं. 1982 च्या रॉबर्ट डिसूझा प्रकरणात, गैरहजेरीसाठी पटावरून नाव काढणं म्हणजे कामगार कपातच, असं ठरलं. म्हणजे नोटीस आणि भरपाई न देता केलेली कपात तुमच्या गळ्यात पडते. 1993 च्या डी. के. यादव प्रकरणात तर आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली की नोकरी आपोआप संपते, असा स्थायी आदेशच (कारखान्याच्या नोकरीच्या अटींचा लेखी, प्रमाणित नियम) कंपनीकडे होता. तरीही कामगाराचं म्हणणं न ऐकता नाव काढलं म्हणून त्याला परत घ्यावं लागलं, निम्म्या मागील पगारासह.

आता एक गैरसमज फिरतो आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 300 पेक्षा कमी कामगार असतील तिथे स्थायी आदेशांची सक्ती राहिली नाही, हे खरं आहे. त्यावरून चौकशीच नको, असा अर्थ काढू नका. म्हणणं मांडायची संधी देणं स्थायी आदेशांवर अवलंबून नाही. उलट लहान युनिटने नेमणूकपत्रातच लिहून ठेवावं की सलग 10 दिवसांपेक्षा जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन मानलं जाईल. तुमच्या वेल्डरच्या पत्रात हे आहे का, ते आधी पाहा. पत्रच दिलेलं नसेल, तर बाकीच्यांना या आठवड्यात द्या. आता ते सगळ्यांना देणं बंधनकारक आहे.

पहिलं पत्र साधं हवं: अमुक तारखेपासून तुम्ही रजा मंजूर न करून घेता गैरहजर आहात, पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कामावर रुजू व्हा, आजारी असाल तर डॉक्टरांचा दाखला पाठवा, काहीच न कळवल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. ‘नोकरी सोडली असं समजू’ हे वाक्य घालायचं नाही. ते वाक्य म्हणजे तुम्ही निकाल आधीच ठरवल्याचा लेखी पुरावा. पत्र हिंदी किंवा मराठी, त्याला वाचता येईल त्या भाषेत. स्पीड पोस्टने दोन्हीकडे पाठवा, आधारवरच्या गावच्या पत्त्यावर आणि इथे तो राहत होता त्या खोलीवर. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. पाकीट परत आलं तर फोडू नका, शेऱ्यासह तसंच फाईलला लावा.

दहा दिवसांनी दुसरं पत्र. मग आरोपपत्र: गैरहजेरीच्या तारखा, आधीच्या पत्रांचा उल्लेख, उत्तराला सात दिवस. उत्तर आलं नाही तर चौकशी. चौकशी अधिकारी म्हणून गैरहजेरी कळवणारा सुपरवायझर नको. बाहेरचा वकील किंवा या प्रकरणाशी संबंध नसलेला माणूस नेमा. तारखेची नोटीस द्या, तो आला नाही तर एक तारीख वाढवा, मग एकतर्फी चालवा. इथेच बहुतेक प्रकरणं कच्ची राहतात. एकतर्फी म्हणजे पुराव्याशिवाय नव्हे. मस्टर ठेवणाऱ्याची साक्ष घ्यायची, हजेरीची पानं आणि पोस्टाच्या पावत्या दाखल करायच्या, रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद) लिहायचा. अहवालात कारणं हवीत. अहवालाची प्रत त्याला पाठवून प्रस्तावित शिक्षेवर म्हणणं मागवायचं आणि मगच आदेश काढायचा. सगळं मिळून दोन-अडीच महिने धरा.

या काळात गेटवरच्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवा. तो आला तर ‘शेठ आल्यावर ये’ म्हणून परत पाठवायचं नाही. रजिस्टरमध्ये नोंद करायची, सही घ्यायची, आत घ्यायचं. परत पाठवलेला कामगार दुसऱ्या दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात तोंडी काढल्याची तक्रार देतो आणि मग तुमची सगळी पत्रं फिकी पडतात. तक्रार आलीच तर पहिल्याच तारखेला लेखी द्या की आम्ही त्याला काढलेलं नाही, आजही रुजू व्हावं. त्याला दाद मागायला दोन वर्षं असतात, म्हणून ही फाईल नीट जपा.

आजारपणाची शक्यताही धरा. तो ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) उपचार घेत असेल आणि दाखला आणला, तर त्या काळातली गैरहजेरी गैरवर्तन ठरवणं जवळजवळ अशक्य आहे.

पगाराचं: काम केलेल्या दिवसांचा पगार ठरल्या तारखेला त्याच्या खात्यात जमा करा. दिलेली उचल कापता येते, पण एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जायला नको. बडतर्फीचा आदेश निघाला तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. बोनसही बुडत नाही. चोरी, अफरातफर, हिंसा अशा कारणांसाठी काढलं तरच तो जातो, गैरहजेरीसाठी नाही.

आदेश निघेपर्यंत पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकू नका, बिनपगारी दिवस तेवढे दाखवा. ईएसआयच्या मासिक भरण्यातही शून्य दिवसांपुढे ‘नोकरी सोडली’ हे कारण निवडू नका. अकाउंटंट सवयीने तेच निवडतो, आणि पुढे कोर्टात तीच नोंद तुमच्याविरुद्ध दाखवली जाते.

चौकशी चालू असताना तो परतला, तर लेखी खुलासा घेऊन कामावर घ्या. तीन वर्षं नीट काम केलेल्या माणसाला पहिल्याच चुकीसाठी माझ्या मते लेखी ताकीद पुरेशी आहे.