घरी भट्टी लावायच्या आधी लोहारांच्या गटात जा

तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगा 14 वर्षांचा आहे आणि टीव्हीवरच्या स्पर्धा बघून त्याला चाकू बनवायचाय. गॅसची भट्टी आणि लहानशी ऐरण ऑनलाइन मागवून गॅरेजमध्येच सुरुवात करावी का, असं विचारलंय.

नका मागवू. निदान आत्ता तरी नको. बंद गॅरेजात गॅसची भट्टी म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्यात पोरांना जो पाइप हाती लागेल तो तापवायचा असतो. तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, निघाला तर जस्ताचा धूर छातीत जाऊन थंडीताप भरतो. शेजारी कोणी जाणता असेल तर हे सगळं सांभाळता येतं, म्हणून आधी माणसं शोधा.

ती शोधणं अमेरिकेत सोपं आहे. आपल्याकडे लोहारकी घरातच बापाकडून मुलाकडे आली. घिसाडी कुटुंबात नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण घालते, मुलं ते बघतच मोठी होतात. अमेरिकेत ती साखळी कारखान्यांनी आणि ट्रॅक्टरने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ तोडली. मग 1973 मध्ये जॉर्जियातल्या लम्पकिन गावी काही लोहार आणि हौशी मंडळी जमली आणि त्यातून 'अबाना' ही उत्तर अमेरिकेतल्या लोहारांची संघटना उभी राहिली. फ्रान्सिस व्हिटेकरसारखा लोहार, फिलाडेल्फियात सॅम्युएल येलिन या नामांकित लोहाराकडे आणि पुढे बर्लिनमध्ये शिकलेला, नव्वदीपर्यंत इतरांना शिकवत राहिला. आज राज्याराज्यांत स्थानिक गट आहेत, तुमच्या न्यू जर्सीतही आहे.

या गटांची 'ओपन फोर्ज' असते. भट्ट्या पेटलेल्या असतात, ऐरणी मांडलेल्या असतात आणि जुने सदस्य नवख्याच्या शेजारी उभे राहतात. चाकू पहिल्या दिवशी कोणी करू देणार नाही, मुलगा हिरमुसेल. त्याला आकडा (हूक) करायला लावतील. आकड्यासाठी आधी सळीचं टोक निमुळतं करावं लागतं आणि नवख्याची सगळी फजिती तिथेच होते. तो सळी फिरवत फिरवत थेट गोल ठोकायला जातो आणि टोक आतून चिरतं. बरोबर क्रम असा: आधी आखूड, बोथट चौकोनी टोक. मग दर घावानंतर पाव वळसा देत तोच चौकोन मागे वाढवायचा, त्यानंतर कोपरे मारून अष्टकोन आणि शेवटी गोल. मध्येच चौकोन शंकरपाळ्यासारखा तिरका होतो. अशा वेळी लांब कोपऱ्यांवर हलके घाव घालून तो सरळ करायचा, पण लोखंड पिवळं तापलेलं असतानाच. ते मंद लाल झालं की भट्टीत परत. व्हिडिओत हे दिसतं, पण घाव चुकतोय तेव्हाच मनगट धरून सांगणारा माणूस व्हिडिओत नसतो.

चाकूचं पोलाद आणि त्याला पाणी देणं हे फार पुढचं. माझ्या मते निदान एक हिवाळा तरी साध्या सळीवर जाऊ द्या.

पैशांचं म्हणाल तर वर्गणी सहसा भट्टीच्या किमतीपुढे किरकोळ असते. मेळाव्यांत 'आयर्न इन द हॅट' नावाची सोडत असते. सदस्य जुनी सांडशी, छिन्नी, हाताने केलेलं काहीबाही आणून ठेवतात, तिकिटं विकली जातात आणि पैसे गटाच्या कामी येतात. नवख्यांची पहिली हत्यारं बऱ्याचदा अशीच जमतात. आणि जुनी ऐरण विकत घ्यायची झालीच, तर ठोकून, आवाज ऐकून, कडा बघून घेणारा जाणकार तिथेच भेटतो.

सलग काही दिवसांची कार्यशाळा हवी असेल तर न्यू जर्सीतच लेटनजवळ पीटर्स व्हॅली ही हस्तकलांची शाळा आहे, 1970 पासूनची. मात्र वयाची अट आधी विचारा. ती सगळीकडे सारखी नसते आणि अल्पवयीन मुलासोबत पालकाने थांबावं अशी बऱ्याचदा अपेक्षा असते. थांबलात तर तुम्हीही हातोडा हातात घ्या, नुसते फोनवर बसू नका.

जाताना दोघांनी सुती कपडे, चामडी बूट आणि संरक्षक चष्मा घाला. फ्लीसचं जॅकेट गाडीतच राहू द्या. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं.