मुलींच्या छोट्या शाळेत रोजचं वातावरण कसं असतं? तिथली कोणती माणसं मुलींची लाडकी असतात?

तुमची लेक यंदा पाचवीला मुलींच्या शाळेत जाणार, आणि तिथं सगळं फार शिस्तीचं, गुपचूप असेल अशी धास्ती तुम्ही प्रश्नात लिहिली आहे. गुपचूप? आमच्या शाळेचा गलका एसटी स्टँडवर ऐकू जायचा.

मी नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कन्याशाळेत शिकले. पाचवी ते दहावी, दर इयत्तेची एकच तुकडी. त्यामुळे बाईंना आम्हीच नाही, तर आमच्या बहिणी, आत्या, मावश्याही पाठ. ‘तुझी आत्या गणितात बरी होती गं’ हे निम्म्या वर्गाने ऐकलेलं.

घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. ती झाली की दोन वेण्या, रिबिनी, नखं यांची तपासणी, मग प्रार्थना आणि प्रतिज्ञा. आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या मोफत पासावर येणाऱ्या त्या ‘गाडीच्या मुली’. त्यांना उशिराची शिक्षा नसे, कारण गाडी कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. शेवटचा तास मात्र त्यांचा अर्धाच व्हायचा, आणि तो नेमका बीजगणिताचा असला की आम्ही गावातल्या मुली त्यांच्यावर जळायचो.

मुलगे नसण्याचा खरा फरक कामात दिसतो. परीक्षेला बाक व्हरांड्यात कोण काढणार? आम्हीच. पंधरा ऑगस्टला मैदान आखणं, फळा काळा करणं, माइकची वायर ओढणं, सगळं आमच्याकडे. स्नेहसंमेलनात अफजलखान व्हायची ती खो-खोच्या टीममधली सगळ्यात दांडगी मुलगी, काजळाच्या मिश्या लावून. त्या भूमिकेसाठी भांडणं व्हायची. जिजाबाई व्हायला कुणी तयार नसे.

आता लाडकी माणसं. सगळ्यांत आधी मावशी. हुद्दा शिपायाचा. हातातल्या बांगडीला कायम चार-सहा सेफ्टी पिना अडकवलेल्या. ओढणी फाटो, हुक तुटो, मावशी हजर. वर्गात एखादीला पहिल्यांदा पाळी आली तर ती बाईंना काही सांगायचीच नाही. दारात उभ्या मावशींकडे नुसतं बघायची. मावशी ‘हिला ऑफिसात बोलावलंय’ असं ठणकावून सांगून तिला बाहेर न्यायच्या. मागच्या खोलीत घडी केलेलं स्वच्छ कापड, कपभर गरम चहा आणि घरी गेल्यावर आईला काय सांगायचं याची उजळणी. त्या काळी आमच्यातल्या कित्येकींना घरी कुणी एवढंही समजावलं नव्हतं.

मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. त्या पुण्याजवळच्या हिंगण्याला, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत, वसतिगृहात राहून शिकलेल्या. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढणाऱ्या अण्णा कर्व्यांना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं. १९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळालं तेव्हा त्या तिथल्याच विद्यार्थिनी. ऑफ तासाला वर्गावर यायच्या त्या हातात पुस्तक न घेता, आणि हिंगण्याच्या गोष्टी सांगता सांगता मध्येच कुणालाही उभं करून पाढा विचारायच्या. आम्हाला त्यांची भीतीच होती. पण नववीतल्या एका मुलीचे वडील लग्न ठरलं म्हणून दाखला मागायला आले, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘क्लार्क रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या.’ क्लार्क शेजारच्या खोलीत बसले होते, खोकलेसुद्धा. हा आठवडा वर्षभर पुढे सरकत राहिला. ती मुलगी दहावी पास झाली, मगच दाखला निघाला.

चित्रकलेचे सर हे शाळेतले एकमेव पुरुष शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की रविवारी वर्ग उघडायचे आणि स्थिरचित्रासाठी स्वतःच्या घरातला तांब्या-पेला आणायचे. शिवणाच्या बाई तेवढ्या कुणाच्या लाडक्या नव्हत्या. काज वाकडं झालं की उसवायला लावायच्या, परत परत. माझी काजं अजूनही सरळ येतात, ती गोष्ट वेगळी.

वर्षातला सगळ्यात मजेचा काळ हादग्याचा. (तुम्ही पुण्याकडच्या असाल तर भोंडला म्हणा.) मैदानात पाटावर खडूने हत्ती काढायचा, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची. झाकलेला डबा कानाशी हलवून ‘वाजतंय, म्हणजे लाडू नाहीत!’ इथपर्यंत तपास चालायचा. एकदा आठवीने डब्यात नुसत्या चिंचा आणल्या आणि कुणालाच ओळखता आलं नाही.

उणी बाजूही सांगते. छोट्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट असतं, विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की बदली कुणी मिळत नाही. आणि गटबाजी! एकच तुकडी असल्यामुळे मैत्रिणीशी कट्टी झाली तर पळायला दुसरा वर्ग नसतो. अकरावीला मुलामुलींच्या कॉलेजात गेल्यावर आमच्यातल्या काही जणी सुरुवातीला तोंड उघडत नव्हत्या, हेही खरं. पण वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या आमच्याच दोघी.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीत जा. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी आहे का बघा, मैदानावर मुली खेळतात की भिंतीला टेकून नुसत्या बसतात ते बघा. आणि तिथल्या मावशींशी दोन मिनिटं बोला. माहितीपत्रकात नसलेलं बरंच काही त्यांच्याकडून कळेल.