परासरण दाबाची तुलना: आधी कण मोज

कोणत्या द्रावणाचा परासरण दाब (पडद्यातून द्रावणात येणारं पाणी थांबवायला लागणारा दाब) जास्त, हे कसं ओळखायचं असं तू विचारलंस. लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या बहुतेक मुलांचं जिथं अडतं, तिथंच तुझं अडलंय, म्हणून घाबरू नको. तापमान सारखं असेल तर दाब काढत बसायची गरजच नाही. मोलॅरिटीला (लिटरमागं किती मोल) व्हॅन्ट हॉफ गुणांकानं (एका रेणूचे पाण्यात किती कण होतात तो आकडा) गुण आणि आलेले आकडे ताडून बघ.

०.१ मोलर युरिया, मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड घे. युरिया पाण्यात फुटत नाही, म्हणून ०.१. मिठाचे दोन आयन, ०.२. कॅल्शियम क्लोराइडचे तीन, ०.३. क्रम लागला!

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या असतात:

- टक्केवारी सारखी दिसली की दाब सारखा धरणं. युरियाचं रेणुवस्तुमान ६०, ग्लुकोजचं १८०. त्यामुळं १ टक्का युरियाचा दाब १ टक्का ग्लुकोजच्या तिप्पट. सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात.
- मोठा रेणू म्हणजे जास्त दाब असं समजणं. कणांची संख्या बघ, आकार नाही.
- तापमान सेल्सिअसमध्येच ठेवणं. दाब काढायचाच असेल तर केल्विन कर.

आज एवढं कर: दवाखान्यातलं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मीठ, दुसऱ्या बाटलीत ५ टक्के ग्लुकोज. लिटरमागं ९ ग्रॅम भागिले ५८.५, गुणिले २, म्हणजे साधारण ०.३१. ग्लुकोजचे ५० भागिले १८०, म्हणजे ०.२८. टक्केवारीत केवढा फरक, तरी दोन्ही रक्ताच्या परासरण दाबाच्या जवळपास! वहीत स्वतः मांड, पाठ करू नको.

अंशतः विघटन, रेणूंच्या जोड्या हे सध्या बाजूला ठेव. हा पाया बसला की महिनाभरानं विचार, सांगतो.